सुभेदारांचा हिरवा रिसीव्हर

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसानं तापट असू नये. मी होतो. मिरजेला स्टेशनच्या रस्त्यावर माझं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाला फाडकन बोलण्यासाठी मी चार तालुक्यांत प्रसिद्ध होतो. "सेटला हात चांगला हाय, माणसाला वाईट," असं लोक माझ्याबद्दल म्हणायचे आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. काम चोख असलं की बाकी सगळं माफ असतं, असा माझा समज. कुणी घातला होता माझ्या डोक्यात कोण जाणे!

बांगलादेशच्या लढाईचं ते साल. लढाई अजून लांब होती, उन्हाळा चालू होता. एके दिवशी चार माणसांनी एसटीच्या टपावरून एक हिरवी लोखंडी पेटी उतरवली आणि कण्हत-कुंथत माझ्या टेबलावर आणून ठेवली. टेबल करकरलं. मी वर पाहिलं तर पेटीमागं पांढऱ्या मिशांचा एक ताठ म्हातारा उभा. पलूसच्या बाजूचा, उसाचं रान असलेला, पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. सिग्नलमध्ये बावीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेला माणूस.

ती पेटी म्हणजे लष्करी रिसीव्हर. घरातल्या रेडिओची आणि त्याची तुलनाच नको. घरचा रेडिओ गाणी ऐकायला. हा यंत्राचा बैल इंग्रजांनी मोठ्या लढाईसाठी बनवलेला. आकाशात शंभर स्टेशनं एकमेकांच्या उरावर बसलेली असताना त्यातलं एकच बारीकसं चिमटीत धरून बाहेर काढायचं, एवढंच त्याचं काम. लष्करानं भंगारात काढला आणि सुभेदारांनी तो पुण्याच्या जुन्या बाजारातून उचलला. डायलचं चाक एकदा फिरवलं की आपण हात काढला तरी गरगरत राहायचं. मी ते चाक तीनदा फिरवून बघितलं. खोटं कशाला सांगू, तोंडाला पाणी सुटलं.

"आवाज मंद झालाय," सुभेदार म्हणाले. "जरा तेज करून द्या."

"काय ऐकता यावर? बातम्या?"

"पोरगं ऐकतो."

त्यांचा एकुलता एक मुलगाही सिग्नलमध्येच होता, पूर्वेच्या सरहद्दीवर कुठंतरी. त्याच्या पलटणीचं स्टेशन रोज दुपारी चारला बोलायचं. कुठल्या जागेवर बोलतं, ते त्यानं सुट्टीवर आला तेव्हा बापाला सांगून ठेवलं होतं. सांगायला नको होतं, पण सांगितलं. बोलणं म्हणजे मोर्स, नुसतं टीं-टीं-टी. त्यातला मजकूर गुप्त अक्षरांत, तो बापालाही कळायचा नाही.

"मजकूर नको रं मला. मजकूर सरकारचा," सुभेदार म्हणाले. "मला फकस्त त्याचा हात ऐकायचाय. बटन दाबायची ज्याची त्याची एक तऱ्हा असती. आमच्याचा शेवटचा डॅश जरा लांबतो. म्याच शिकवलंय, खोडीसकट शिकवलंय. हजारात वळकीन."

घरी सुभेदारीणबाई नव्हत्या, वारल्या होत्या. होती ती फक्त सून, लग्नाला दीड वर्ष झालेली. दीड वर्षात नवरा दोन महिने बघितलेला. रोज चारला सासरा हेडफोन लावायचा, पाच मिनिटांनी काढायचा आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक द्यायचा, "हाय गं, वाजवतोय!" मग ती चहा टाकायची. पत्र यायचं महिना-दोन महिन्यांनी, तेही जुनं झालेलं. पत्रातला माणूस पंधरा दिवसांपूर्वी जिवंत असतो. चारच्या हातातला त्या घडीला जिवंत असतो. तेवढ्यावर ते घर चाललं होतं. हे सगळं सुभेदारांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मी पेटी उघडली. आतले मेणकागदाचे कंडेन्सर म्हातारे होऊन गळत होते. एकूण एक बदलले. बँडचे पट्टे बदलायचा स्विच काळा पडला होता, तो स्पिरिटनं घासून पितळ चमकेपर्यंत साफ केला. मग आतल्या कॉइलींचे स्क्रू एकेक करून जुळवले. हे काम घाईचं नाही. लाकडाचा पेचकस लागतो, कारण लोखंडाचा जवळ नेला तरी कॉइल बिघडते. आणि केसभर फिरवायचं, मीटरच्या काट्याकडं बघायचं, पुन्हा केसभर. काटा चढत गेला तसा मी खूश होत गेलो. चौथ्या दिवशी सेट असा बोलायला लागला की विचारायची सोय नाही. सुभेदार घेऊन गेले.

पंधरा दिवसांत पेटी परत टेबलावर.

"बरा झालाय, पर आजून मंदच हाय."

मंद! मी ओठ चावला. पहिला वॉल्व्ह बदलला, त्याजागी कमी खरखर करणारा, पुण्याहून मुद्दाम आणलेला टाकला. एवढ्यावर न थांबता त्यांच्या गावी गेलो. नारळापासून गोठ्याच्या आढ्यापर्यंत तांब्याची लांब तार ताणली, विहिरीजवळच्या ओल्या जागी खड्डा करून मीठ-कोळसा घातला आणि अर्थिंगचा पाइप ठोकला. सुनेनं चहा दिला. डोक्यावरचा पदर सारखा करत तिनं विचारलं, "आता मलाबी येईल का वो ऐकू?" मी म्हणालो, "आता गोठ्यातल्या म्हशीलाबी येईल." ती हसली. हेडफोन लावून बघितला तर मुंगी चालली तरी कळावं असा सेट झालेला. सुभेदारांनी लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हां. जरा फरक हाय."

जरा!

आषाढ गेला, श्रावण गेला, गणपती उठले, दसरा झाला. पेटी तिसऱ्यांदा आली. आता माझ्या दुकानाबाहेर एक बाक होता आणि बाजाराच्या दिवशी त्यावर आसपासच्या गावांतले चार-पाच माजी सैनिक बसायचे. बातम्या ऐकायच्या, तंबाखू मळायची, सरकारला शिव्या घालायच्या. त्यांच्यातला एक खवचट नाईक एकदा मला म्हणाला, "काय मिस्त्री, सुभेदाराचा डबा तुमच्याच्यानं हुईना म्हणं? सांगलीला दावावा म्हणत्यात." झालं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. सांगलीला! तिथल्या त्या टेपरेकॉर्डर उचकटणाऱ्या पोरकट लोकांकडं!

तीन दिवस दुकान बंद ठेवून मी त्या सेटचा शेवटचा भाग हाती घेतला. त्यात स्फटिकाची एक चाळण असते. ती नीट जुळवली की आजूबाजूचं सगळं गाळून पडतं आणि हवं तेवढं एकच स्टेशन उरतं, बाकी काळोख. ती मी अशी जुळवली की मीटरचा काटा टकटक कडेला आपटायला लागला. याहून चांगला तो रिसीव्हर कारखान्यातून निघाला तेव्हाही नसेल. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

सुभेदार घ्यायला आले. बसले. हेडफोन लावला आणि त्यांच्या हातांनी सवयीनं दोन बटणं फिरवली. आवाजाचं, शेवटापर्यंत. आणि मोर्सची शिट्टी बारीक-जाड करायचं, पार जाड टोकाला, म्हशीच्या रेकण्याएवढं. मी टेबलाच्या पलीकडं तीन हातांवर उभा होतो आणि त्यांच्या कानांवर घट्ट बसलेल्या हेडफोनमधला मोर्स मला, इकडं, स्पष्ट ऐकू येत होता.

"मंदच हाय रं," म्हातारा म्हणाला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सेटला काही झालंच नव्हतं. उन्हाळ्यापासून मी रोग रेड्याला आणि औषध पखालीला करत बसलो होतो.

भला माणूस असता तर काय केलं असतं? खांद्यावर हात ठेवला असता, बाजूला नेलं असतं, म्हणाला असता, "आवं सुभेदार, कानाच्या डॉक्टराकडं जाऊन येऊ." मिरजेत दवाखान्यांना काय तोटा? माझ्या दुकानापासून एक गल्ली सोडली की कानाचा डॉक्टर बसत होता. पण मला उन्हाळ्यापासूनचं 'जरा' आठवलं, 'सांगलीला दावावा' आठवलं, आणि मला एकदम गोड वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण गोडच वाटलं. मी म्हणालो, "सुभेदार, आठ दिवस ठेवून जा. बाजाराच्या दिवशी चारच्या आत या. आणि सूनबाईंनाही आणा. ऐकवू त्यांना नवऱ्याचा हात." म्हाताऱ्याला 'बाजार', 'चार' आणि 'सूनबाई' तेवढं कळलं असावं, कारण त्याचा चेहरा फुलला.

सुनेला मी बोलावलं. मी. घरातलंच माणूस साक्षीला असलं की म्हातारा पुन्हा पेटी घेऊन यायचा नाही, असा हिशेब होता माझा.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी हेडफोन खुपसायच्या भोकामागची तार आतून तोडून ठेवली. बाकावरच्या मंडळींना आधीच सांगितलं, गंमत बघायला या. ती सगळी आली, शिवाय शेजारचा सायकलवाला आला. पावणेचारला सुभेदार आले, इस्त्रीचा सदरा, कोशा फेटा. मागं सून, नवी साडी, हातात कसलीशी पिशवी. पिशवीत माझ्यासाठी घरचा गूळ होता.

मी सेट लावला. दिवे लागले, काटा हलायला लागला. चार वाजले. सुभेदारांनी हेडफोन चढवला, डोळे मिटले. दुकानात कुणी खाकरलंसुद्धा नाही. मी त्यांच्या तोंडासमोर हात हलवून खुणेनं विचारलं, कसं काय?

त्या मेलेल्या हेडफोनमध्ये म्हातारा थोडा वेळ बसून राहिला. मग हसला.

"हाय," तो म्हणाला. "खणखणीत हाय. पोरी, वाजवतोय बघ!"

सुनेनं डोळे मिटून हात जोडले.

सुभेदारांनी टेबलावरची पेन्सिल घेतली आणि कागदावर अक्षरं लिहायला लागले. पाच-पाचाचे गट, सुंदर, टपोरं, पलटणीचं अक्षर. बाकावरच्या नाइकानं तोंडावर उपरणं धरलं. मी अर्धं पान लिहू दिलं. अर्धं पान! मग पेटीची मागची बाजू त्यांच्याकडं फिरवली आणि चिमट्यानं ती तुटकी तार धरून त्यांच्या नाकापुढं नाचवली.

"सुभेदार!" मी ओरडलो, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा. "ही तार सकाळपासून तुटलीय. मीच तोडलीय. ह्यात काडीचा आवाज येत न्हाई. नाचता येईना अंगण वाकडं! सेट ठणठणीत आहे, कान गेलेत तुमचे, कान!"

बाक हसला. सायकलवाला तर मांडीवर थाप मारून हसला. आणि मीही.

सुभेदारांना माझे शब्द कळले की नाही, देव जाणे. तार कळली. जन्मभर तारांतच वावरलेला माणूस तो. त्यांनी कागदाकडं पाहिलं. शेवटच्या गटात चारच अक्षरं झाली होती. त्यांनी पाचवं अक्षर लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

सून माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. ती त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"मामंजी, मग आजवरचं?"

त्यांना ऐकू आलं नाही. तिनं हेडफोन त्यांच्या डोक्यावरून काढला आणि कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं विचारलं, "आजवरचं? गणपतीतलं? दसऱ्याच्या दिवशी सांगितलंसा ते? कवापास्नं ऐकू येत न्हाई तुमाला?"

हसणं थांबलं होतं. म्हातारा कागदाकडं बघत म्हणाला, "बेंदरापास्नं."

बेंदूर आषाढात. बैलांच्या शिंगांना रंग लावायचा सण. तेव्हापासून दिवाळी तोंडावर येईपर्यंत, पेटी घरी असेल तेव्हा, रोज चारला हा माणूस मुक्या हेडफोनमधून बाहेर येऊन सांगत होता, हाय गं, वाजवतोय.

"म्या त्याच्यावर जेवत हुते," सून म्हणाली. "तुमी हाय म्हनलं की मगच घास उतरायचा मला."

मग ती पिशवी उचलून बाहेर गेली आणि रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली. बाकावरची मंडळी एकेक करून उठली. मी खाली मान घालून तार जोडायला बसलो. कथलाचा डाग दोनदा द्यावा लागला. सुभेदारांनी एवढंच विचारलं, "जोडलीस?" मी मान हलवली. "बरं," ते म्हणाले.

पुढं लढाई सुरू झाली. रात्री दिवे झाकायचे, दिवसा पोस्टमनच्या सायकलीकडं बघायचं. आमच्या भागात घरटी एक माणूस सैन्यात, त्यामुळं तारवाला कुठल्या गल्लीत वळतो ते बघायला बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. दोन आठवड्यांत लढाई संपली, पेढे वाटले गेले. सुभेदारांच्या पोराचं काही कळलं नव्हतं. नाइकानंच सांगितलं. आता त्याच्याही बोलण्यात खवचटपणा नव्हता.

त्या दिवसांत मी एक गोष्ट केली. टेस्टरमध्ये असतो तसला बारीक लाल दिवा घेतला आणि रिसीव्हरच्या आवाजाच्या टोकाला जोडता येईल असं एक छोटं खोकं बनवलं. मोर्सचा टी वाजला की दिवा लागायचा, थांबला की विझायचा. सिग्नलवाल्यांना दिव्यावरचा मोर्स वाचायला शिकवलेलंच असतं. कान गेले तरी डोळ्यांनी हात दिसेल. चाळण मी आधीच इतकी बारीक जुळवली होती, की खरखरीनं दिवा उगाच लुकलुकला नसता. दोन तासांचं काम होतं. उन्हाळ्यात सुचलं असतं तर उन्हाळ्यात झालं असतं. आग लागो त्या हुशारीला!

खोकं घेऊन मी गावी गेलो. पोचलो तेव्हा साडेतीन झाले असतील. सून गोठ्याजवळ शेण भरत होती. मला बघून तिनं हात धुतले आणि दारातच अडवलं.

"पत्र आलंय," ती हळू म्हणाली. "सोमवारी. सुखरूप हायती. पायाला जरा लागलंय, दवाखान्यात हायती, पुढच्या महिन्यात येत्यात."

माझ्या जिवात जीव आला. "सुभेदार काय म्हणाले?"

"त्यास्नी सांगितलं न्हाई."

आज शुक्रवार होता.

"रोज चारला बसवते म्या त्यास्नी," ती म्हणाली. "हेडफोन घालते आन इचारते, हाय का? न्हाई म्हनत्यात. रडत्यात. कळू दे की जरा. मला चार म्हैने खोट्यावर जगवलं, त्यास्नी चार दिस खऱ्याबिगर जगू दे."

"आवं, पण म्हातारं माणूस..." मी तोंड उघडलं.

"तुमी बोलायचं न्हाई," ती म्हणाली. "तुमी बोललासा तेवढं रग्गड झालं."

सुभेदार आत खाटेवर बसले होते. दोन महिन्यांत अर्धे झालेले. मला बघून उठायला लागले, मी खांद्यावर हात ठेवून बसवलं. खोकं दाखवलं, जोडलं, डायल फिरवून दुसरंच एक स्टेशन धरलं. दिवा टिमटिमायला लागला. म्हाताऱ्याचे ओठ हलायला लागले. तो अक्षरं वाचत होता. त्यानं माझा हात धरला.

चार वाजले. त्यांनी स्वतः चाक फिरवून ती जागा लावली. स्टेशन होतं. दिवा भराभर लागत-विझत होता. सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. म्हातारा पुढं वाकून दिव्याकडं बघत राहिला, मिनिटभर, दोन मिनिटं.

"ह्यो त्याचा हात न्हाई," तो म्हणाला.

पोरगा दवाखान्यात. त्याच्या जागी दुसरा बसलेला. मला माहीत होतं, तिला माहीत होतं. इतके दिवस 'ऐकू येत नाही' म्हणायची तरी सोय होती. कदाचित असेल, आपल्यालाच येत नसेल. तीही मी काढून घेतली होती.

"नीट बघा, मामंजी," सून त्यांच्या कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाली.

त्यांनी नीट बघितलं. डोळे पुसून पुन्हा बघितलं. चाक जरा अलीकडं घेतलं, जरा पलीकडं घेतलं, कडेकडेची सगळी स्टेशनं एकेक करून तपासली. प्रत्येक वेळी दिवा परक्याच कुणाच्या तरी हातानं टिमटिमत होता. मग ते स्टेशन बंद झालं आणि दिवा विझला.

मी तिच्याकडं पाहिलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून.

सुभेदारांनी सेट स्वतःच्या हातानं बंद केला, वरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली आणि माझ्याकडं वळले.

"मिस्त्री, आता सेट चांगला झालाय रं," ते म्हणाले. "आता त्यात काय दोष न्हाई."

सुनेनं चहा आणून ठेवला. मी तो प्यालो, पत्राचं काही बोललो नाही, आणि सव्वापाचच्या एसटीनं मिरजेला आलो.